खिशात पाचशे, पोटात कावळे

कॉलेजातल्या पोरांची ट्रिप ठरली की घरात आधी तिकिटाचं बोलणं होतं, मग कोण कोण चाललंय याचं, मग बुटांचं. खाण्याचा विषय निघतो तो थेट स्टेशनवर, गाडीची घोषणा झाल्यावर. "वेळेवर जेव रे बाबा," म्हणत आपण त्याच्या खिशात पाचशेची एक नोट कोंबतो. तो "हो गं" म्हणतो. त्या 'हो'ला काही अर्थ नाही हे दोघांनाही ठाऊक असतं, पण तोवर गाडी आलेली असते.

नागपूरच्या मुलांना थीम पार्क म्हटलं की हैदराबादचं वंडरला दिसतं. अमरावती रोडवरचं फन अँड फूड व्हिलेज शाळेत असतानाच पाहून झालेलं असतं. खोपोलीचं इमॅजिका आपल्याच राज्यातलं, पण तिकडे जायचं तर अख्खा महाराष्ट्र ओलांडा. हैदराबादचं बरं, रात्री गाडीत झोपायचं, सकाळी उतरायचं. २०१६ साली तिथे वंडरला सुरू झालं आणि परीक्षा संपल्या की कोणाच्या ना कोणाच्या ग्रुपवर त्याचे फोटो येऊ लागले. आपल्या वेळच्या हैदराबादेत चारमिनार, सालारजंग आणि फार तर रामोजी फिल्मसिटी होती. यांच्या हैदराबादेत माणसाला उलटं टांगणारं रोलर कोस्टर आहे.

आता पोरांचा हिशेब बघा. पार्कचं तिकीट ठरलेलं, गाडीभाडं ठरलेलं, खोलीचं भाडं सहा जणांत वाटलं तरी ठरलेलं. कमी-जास्त करता येतं ते फक्त जेवण, म्हणून कात्री तिथेच लागते. "दुपारचं स्किप करू, रात्री एकदम बिर्याणी हाणू" हा ठराव एकमताने मंजूर होतो. आपण इकडे काळजी करत बसतो की पोराने कुठलं अरबट-चरबट खाल्लं असेल, तेल कसलं असेल, हात तरी धुतले असतील का. बहुतेक वेळा त्याने काही खाल्लेलंच नसतं. सकाळी एक चहा, दुपारी एक कोल्ड्रिंक, आणि दिवसभर ऊन.

हे तो आपल्याला सांगतही नाही. सांगितलं तर आपण एक तर ओरडतो, नाही तर लगेच पैसे पाठवतो, आणि त्याला दोन्ही नको असतं. आपल्याला वाटतं, पोरांना घरच्या पैशाची काही कल्पना नाही. असते हो. ट्रिपला हो म्हणण्याआधी आपण क्षणभर गप्प झालो होतो, ते त्याने पाहिलेलं असतं. ताईची फी याच महिन्यात भरायची आहे, हेही त्याच्या कानावर गेलेलं असतं. मग भूक लागली तरी तो मुकाट्याने रांगेत उभा राहतो आणि मित्रांना सांगतो, "मला नाही रे खायची इच्छा."

म्हणून आमच्या घरी आता एक रीत पाडली आहे. खाण्याचे पैसे वेगळे द्यायचे आणि ते खाण्याचेच आहेत असं तोंडाने म्हणायचं. किती, ते आम्ही ठरवत नाही. तिथे किती वेळा जेवशील, चहा किती, पाणी किती, हे त्याने कागदावर मांडायचं. पहिल्यांदा आकडा लाजरा येतो. "एवढ्यात भागेल का तुझं?" असं एकदा विचारलं की दुसरा आकडा खरा येतो. पैसे तेवढेच असतात, कदाचित आपण नोट कोंबून देतो त्याच्याइतकेच. पण "हे वाचवायचे नाहीत" असं आईने म्हटलेलं असलं की दुपारी थाळी घेताना त्याला अपराधी वाटत नाही.

डब्याचं वेगळंच आहे. "डबा देऊ का?" या प्रश्नाला हल्ली एकच उत्तर येतं, "आई, कोणी नाही नेऊन राहिलं ना डबा!" अन्नाशी त्याचं भांडण नाही. त्याच पुऱ्या घरी असल्या तर तो ओट्यापाशी उभ्या उभ्या संपवतो. त्याला नको असतं ते मित्रांसमोर स्टीलचं झाकण उघडणं आणि वरच्या बर्थवरून "अबे, मम्मीनं पाठवलं का?" असं ऐकणं. अठरा-एकोणीसच्या वयात हे लागतं. आपल्यालाही लागलं असतं, फक्त तेव्हा सगळ्यांकडेच डबे असायचे.

यावर तोड आहे. एकट्यापुरतं देऊ नका, सगळ्यांना पुरेल एवढं द्या. एका मुलापुरत्या डब्याची थट्टा होते, सहा जणांपुरत्या पुऱ्यांवर उड्या पडतात. नागपूरहून रात्रीची गाडी सुटली की सेवाग्राम यायच्या आत पिशवीची गाठ सुटते आणि बल्लारशाच्या आधी तळाशी तीळ तेवढे उरतात. वर पुन्हा निरोप येतो की काकूंना सांग, पुढच्या वेळी चटणी जास्त.

पुऱ्या तिखट-मिठाच्या. कणकेत मूठभर बेसन, ओवा, तीळ, तिखट, हळद, मीठ आणि कडकडीत तेलाचं मोहन. पीठ घट्ट भिजवायचं, पाणी जितकं कमी तितकी पुरी टिकते. तळून झाल्या की कागदावर पसरून पार गार होऊ द्यायच्या, आणि आपली घाई नडते ती इथे. ऑफिसातून येऊन आपण तळायला बसतो, गाडीला तासभर उरलेला असतो, मग गरम पुऱ्याच भरतो आणि वर घट्ट झाकण लावतो. आत वाफ धरते, सकाळी पुरी ओलसर होते आणि तिला वास येतो. त्यापेक्षा आदल्या रात्री तळून ठेवलेल्या बऱ्या. सोबत जवसाची नाही तर शेंगदाण्याची कोरडी चटणी. बटाट्याची भाजी, ओल्या खोबऱ्याची चटणी, दहीभात यांचा मोह आवरावा, आपल्या मे महिन्यात ते सकाळपर्यंत टिकत नाही. सांबारवडीसुद्धा त्याच संध्याकाळी गाडीत संपणार असेल तरच द्या, सांबाराचं, म्हणजे कोथिंबिरीचं, सारण ओलं राहतं.

बॅगच्या एखाद्या कप्प्यात फुटाणे, भाजलेले शेंगदाणे आणि गुळाचे खडे न विचारता टाकून द्यावेत. मूठभर शेंगदाण्यांत, म्हणजे तीसेक ग्रॅममध्ये, सात-आठ ग्रॅम प्रथिनं असतात. एका अंड्यात सहाच्या आसपास असतात. पोरं जिमच्या पावडरीचे डबे विकत घेतात आणि शेंगदाण्याला नाक मुरडतात, त्यावर एकदा सविस्तर भांडायचं आहे, पण इथे नको.

गाडीतल्या खाण्याचं थोडक्यात. १६ सप्टेंबर २०२४ पासून नागपूर-सिकंदराबाद वंदे भारत धावते आहे. तिचं तिकीट काढताना 'जेवण नको' हा पर्याय निवडला तर जेवणाचे पैसे भाड्यातून कमी होतात. घाईत पोरं तिकडे बघत नाहीत. साध्या गाडीने जाणार असतील तर जुलै २०२३ पासून रेल्वेने बऱ्याच स्टेशनांवर, जनरल डबे थांबतात तिथे फलाटावर, २० रुपयांत सात पुऱ्या, सुकी भाजी आणि लोणचं असं पाकीट ठेवलं आहे. ५० रुपयांत थोडं मोठं जेवणही मिळतं. रेल नीरची लिटरची बाटली सप्टेंबर २०२५ पासून १४ रुपयांना झाली. तिचे वीस मागितले तर देऊ नये, एवढं पोराला माहीत असलं म्हणजे पुरे.

वीस रुपयांचं पाकीट म्हटल्यावर नाक मुरडणाऱ्यांत कधी कधी आपणही असतो बरं का. "असलं काही खाऊ नकोस, चांगल्या हॉटेलात जा." चांगलं हॉटेल कोणाच्या पैशाने? आपल्यापैकी कित्येकांनी १९९५ नंतरच्या त्या एक रुपयाच्या झुणका-भाकरीवर कॉलेजचे दिवस काढले आहेत. जानेवारी २०२० मध्ये आपल्याकडे १० रुपयांची शिवभोजन थाळी सुरू झाली. हैदराबाद महापालिकेने तर २०१४ पासूनच ५ रुपयांत जेवण देणारी केंद्रं उघडली. ट्रिपला आलेल्या पोरांनी तिथे जाऊन रोजंदारीवाल्यांच्या रांगेत गर्दी करावी असं मी म्हणणार नाही. पण स्वस्त खाण्यात कमीपणा नसतो, हे त्याला आपल्या हॉस्टेलच्या गोष्टींतून कळलं तर फार बरं. या गोष्टी आपण मित्रमंडळींत रंगवून सांगतो, पोरांना सांगत नाही. त्यांना आपण थेट नोकरीला लागल्यापासूनचे माहीत असतो.

पार्कचा दिवस सगळ्यांत अवघड. आत बाहेरचं खाणं नेता येत नाही. दारात पिशव्या तपासतात आणि तुमच्या पुऱ्या तिथेच अडतात. पोरांना याचा भयंकर राग येतो, आपल्यालाही येतो. चित्रपटगृहांच्या बाबतीत हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. ३ जानेवारी २०२३ ला न्यायालयाने सांगितलं की बाहेरचं खाणं अडवायचा अधिकार मालकांना आहे. मात्र पिण्याचं पाणी फुकट मिळालं पाहिजे आणि तान्ह्या बाळाचं खाणं अडवता कामा नये. तो खटला थीम पार्कचा नव्हता, पण वारा कुठल्या दिशेला आहे ते कळतं. आपलं बाळ एकोणीस वर्षांचं आहे, तेव्हा त्याची पुरी दारावर हरणार हे धरूनच चालायचं.

मग पोट भरायचं ते आत जाण्याआधी, शहरातच. वंडरला शहराबाहेर, आऊटर रिंग रोडच्या बाजूला रावीर्यालला आहे. गेटसमोर काही तरी मिळेल या भरवशावर राहू नये. हैदराबादेत सकाळी गल्लोगल्ली टिफिन सेंटरं उघडी असतात. इडली, डोसा तर आहेच, पण पोराला पेसरट्टू खायला सांगा. हिरव्या मुगाचा डोसा, बऱ्याच ठिकाणी आत उपमा घालून देतात. मूग पोटात गेले की दुपारपर्यंत माणूस उभा राहतो, आणि खिशाला झळ पोचत नाही. फक्त खाल्ल्यावर तास-दीड तास तरी उलट्या-सुलट्या राईडवर बसू नये. पार्कात पोचून तिकिटाच्या रांगेत उभं राहीपर्यंत तेवढा वेळ तसाही जातो.

आतलं खाणं महाग असणारच. आमचा अनुभव असा की तीन वेळा चटरमटर घेण्यापेक्षा एकदा नीट थाळी घेतलेली स्वस्त पडते. चटरमटर शंभर-शंभरनं जातं म्हणून कळत नाही. तिकिटासोबत जेवणाचं कूपन आहे का, कॉलेजच्या ओळखपत्रावर सूट आहे का, हे निघण्याआधी पार्कच्या साईटवर शोधायचं काम त्याच्याकडेच द्या. अशा सवलती येत-जात असतात. सूट मिळालीच तर ते पैसे थाळीत घालायचे, असा तह घरीच करून घ्या, नाही तर त्याचा टी-शर्ट होतो.

पाण्याचं मात्र कटकट वाटली तरी बजावावं. दिवसभर पाण्यात डुंबत असल्यामुळे तहान कळत नाही, घाम आलेला दिसत नाही, आणि संध्याकाळी डोकं ठणकतं. रिकामी बाटली आत नेता येते का ते विचारून, येत असेल तर भरत राहायची. आपण सगळं जग कशाने आजारी पडतं ते सांगत बसतो आणि ही साधी बाटली द्यायला विसरतो.

बॅगेत ओआरएसची दोन पाकिटं असू द्या, औषधाच्या दुकानातली, पावडरीची. पाकिटावर लिहिलंय तेवढ्या, म्हणजे बहुधा पूर्ण एक लिटर पाण्यातच ते मिसळायचं. पोरं अर्ध्या बाटलीत ओततात आणि खारट लागतं म्हणून फेकून देतात. फळाच्या चवीची गोड पेयं ओआरएस म्हणून विकायला ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने बंदी घातली. त्यासाठी वर्षानुवर्षं झगडल्या त्या हैदराबादच्याच बालरोगतज्ज्ञ, डॉ. शिवरंजनी संतोष. काय खावं-प्यावं हे देशाला सांगणारी राष्ट्रीय पोषण संस्थाही त्याच शहरात, तार्नाक्याला आहे. मे २०२४ मधल्या तिच्या १७ मार्गदर्शक सूचनांत वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत ठेवायला सांगितली आहे. ३०० मिलीच्या एका कोल्ड्रिंकमध्ये तीसच्या वर जाते. तरी ट्रिपला गेलेल्या पोराने एक कोल्ड्रिंक घेतलं तर मी काही बोलणार नाही. जेवणाच्या जागी घेतलं तर बोलेन.

रात्रीच्या बिर्याणीला विरोध करण्यात अर्थ नाही. हैदराबादला जाऊन पोरगं वरण-भात शोधेल अशी अपेक्षा करणारे आपणच वेडे. ज्यांच्या घरी चालत नाही त्यांच्या मनात वेगळी धास्ती असते, तिच्याबद्दल मी गप्प बसते, तो ज्याच्या-त्याच्या देवघराचा प्रश्न. एवढंच सांगते की तिथली एक प्लेट सहसा दोघांना होते, सोबत सालन आणि दह्याची चटणी येते, आणि सहा जणांनी सहा प्लेटी मागवल्या की दोन वाया जातात.

पोरांच्या मनाला खरं टोचतं ते 'कॉन्ट्री'त. सहा जण जेवायला बसतात. दोघे जण पिझ्झा, वर ब्राऊनी, वर शेक मागवतात. एक जण मेन्यूच्या उजव्या बाजूचे आकडे बघून साधा डोसा घेतो. बिल आलं की कोणी तरी एक जण मोबाईल दाखवून देऊन टाकतो आणि ग्रुपवर टाकतो, "पर हेड एवढे." डोसावाल्याने शेकचे पैसे भरलेले असतात. बोललं तर कंजूस, गप्प बसलं तर पुढचं जेवण बुडवायचं. हे दर कॉलेजात, दर ग्रुपात चालतं, आणि आपलं पोरगं कधी डोसावालं असतं तर कधी शेकवालं. दुसरी शक्यता आपण फारशी मनावर घेत नाही.

आमच्याकडच्या पोरांच्या ग्रुपात एका पोरीने यावर सोय काढली. निघतानाच खाण्यासाठी सगळ्यांनी सारखे पैसे तिच्याकडे जमा करायचे, आकडा ग्रुपातल्या सगळ्यांत कमी पैसेवाल्याला झेपेल तो. पोटभरीचं जे असेल ते त्या पैशांतून. शेक, ब्राऊनी, दुसरं आइस्क्रीम ज्याचं त्याने. कोणाला कमी पैसे झेपतात हे तिने तोंडी विचारलं नाही, प्रत्येकाने तिला वेगळा मेसेज करायचा. एवढी समज आपल्याला किटी पार्टीत येत नाही. तुमच्या पोराला ही युक्ती सांगताना मात्र "तुला परवडत नाही म्हणून" असं म्हणू नका. "तुमच्यात एखाद्याला जड जात असेल ना रे" म्हणा. तो एखादा कोण, हे त्याला कळतं.

राहिला फोन. पार्कात मोबाईल लॉकरमध्ये असतो, आपण दुपारी एकला फोन करतो, तो उचलत नाही, आणि आपल्या डोळ्यांपुढे नको ते पाळणे फिरायला लागतात. मग बाबांच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज येतो, अमुक रुपये वजा. तेवढ्यावरून घरात चर्चा सुरू. "एवढ्याचं काय खाल्लं?" "म्हणजे खाल्लं तरी." त्या मेसेजवरून लगेच फोन लावू नये, एवढं मी आमच्या ह्यांना हात जोडून सांगितलं आहे. एकदा तसा फोन गेला की पोरगं पुढच्या वेळेपासून रोख पैशाने खातं, नाही तर खातच नाही. रात्री "जेवलास का?" विचारण्याऐवजी "काय खाल्लंस आज? चांगलं होतं का?" असं विचारून बघा. 'हो'च्या पुढे गाडी सरकते. कधी कधी पेसरट्टूचा फोटोही येतो.

आणि परत आल्यावर उरलेले पैसे मागू नका. मागच्या वेळी पोरांच्या जमा पैशांतले थोडे उरले होते. गाडी सकाळी नागपुरात आली, ते वाटून घ्यायचे की पुढच्या ट्रिपला ठेवायचे यावर फलाटावरच वाद झाला, आणि शेवटी बॅगा पाठीला लावूनच सगळे तर्री-पोहे खायला गेले. मी घरी उपमा करून ठेवला होता, तो तसाच राहिला. तर्री दुसऱ्यांदा मागितली तर तिचे पैसे पडत नाहीत, हे खजिना सांभाळणाऱ्या त्या पोरीने मला नंतर आवर्जून सांगितलं.